पावडरचा वास

पाऊस काही केल्या उसंत देईना आणि नदीचं पाणी चहाच्या रंगावर आलं, तसा टाकीवाल्याचा दिवस बादलीपाशी उजाडायला लागला. पोत्यातली ब्लिचिंग पावडर पत्र्याच्या डब्यानं बादलीत घ्यायची, हळूहळू पाणी घालून चुन्यासारखी कालवायची, गुठळ्या काठीनं मोडायच्या, मग बादली भरून गाळ खाली बसेपर्यंत वाट बघायची. वरचं निवळ पाणी टाकीत जायचं, खालचा चुना उकिरड्यावर. कालवताना तो तोंड बाजूला वळवायचा, तरी डोळे लाल व्हायचे. बोटांच्या पेरांना भेगा पडल्या होत्या. त्यानं चहा घेतला तर कपालाही वास लागायचा.

"तुम्ही मेलात तरी तुम्हाला किडे लागायचे नाहीत," बायको म्हणायची.

"म्हणजे तुझी सुटका नाही. तसाच राहीन. खुर्चीत बसवून ठेव."

पाणी कमिटीच्या लेखी टाकीवर एकच माणूस कामाला होता. पण त्याचा उजवा गुडघा शिडीवर दगा द्यायचा, म्हणून अर्ध्या शिडीपर्यंत बादली बायको चढवायची आणि तिथून पुढे तो ओढून घ्यायचा. मग लांब लोखंडी चावी खांद्यावर टाकून वॉल्व फिरवायला निघायचा. आधी वरची आळी, मग खालची. रस्त्यात लोक म्हणत, "काका, आज लवकर?" नाहीतर, "काका, आज उशीर?" वेळेवर आलात असं कोणी कधी म्हटलं नव्हतं. पाणी आलं तर ते नळाला आलेलं असे. नाही आलं तर टाकीवाल्यानं सोडलेलं नसे.

त्या पावसात नर्सबाईंनी सांगितलं, "पाणी निवळेपर्यंत पावडर वाढवा काका. शेवटच्या नळाला वास आला पाहिजे. वास आला म्हणजे औषध तिथवर पोचलं." त्यानं वाढवली. वास खालच्या आळीतल्या शेवटच्या नळापर्यंत पोचला. आणि नेमकी तेव्हाच फोनवर ती बाई आली.

त्यांची सून आठव्या महिन्यात होती. मुलगा लांब कुठेतरी पुलाच्या कामावर. दुपारी पाय सुजले की सून भिंतीला टेकून फोन बघत बसायची. ती म्हणाली, "आई, हे बघा जरा."

फोनमध्ये पांढरा कोट घातलेली एक बाई होती. मागे कुठल्याशा तळ्यात मासे पोटं वर करून तरंगत होते. मग एक रिकामा पाळणा हलताना दाखवला. हलवणारा हात दाखवला नाही. बाई शांत आवाजात सांगत होती. तुमच्या नळाच्या पाण्याला पावडरचा वास येतो का? मग घरातल्या पोटुशी बाईला ते देऊ नका, हा वास बाळाच्या श्वासात उतरतो. आणि ते पाणी सोडल्यावर उलट्या-जुलाब झाले तर घाबरू नका. अंगातलं विष बाहेर पडतंय असं समजा.

"ही कोण?" सासूनं विचारलं.

"डॉक्टर आहे."

"कुठली?"

"कुठली म्हणजे? कोट घातलाय की."

"पांढरा कोट केस कापणाराही घालतो."

सून हसली नाही. तिनं फोन पालथा ठेवला आणि शेजारचा पाण्याचा पेला पायानं हळूच लांब सरकवला. सासूनं ते पाहिलं, आणि पाहिलं नाही असं केलं.

गावाच्या ग्रुपवर ते गिरणीवाल्यानं टाकलं होतं. गिरणीवाला काही वाईट माणूस नव्हता. दळणात खडा सापडला तर न सांगता पुन्हा दळून द्यायचा. गेल्या उन्हाळ्यात त्याच्या सुनेचं बाळ पोटातच गेलं, तेव्हापासून तो गिरणीचा पट्टा लावताना मध्येच थांबायचा आणि कुठेतरी बघत राहायचा. त्यानं खाली लिहिलं होतं, 'आमच्या घरी काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. का झालं ते आता कळलं. लेकीसुनांसाठी पुढे पाठवा.' अशा माणसाला तोंडावर खोटं कोण म्हणणार? ज्यांना म्हणता आलं असतं त्यांनी हात जोडल्याचं चित्र टाकलं.

दुसऱ्या दिवशी बायका जुन्या विहिरीवर गेल्या. ती विहीर खालच्या आळीच्या शेवटाला, गोठ्यांच्या उतारावर. टाकी झाल्यापासून तिच्यावर जाळी बसवलेली. जाळीचं कुलूप कोणीतरी दगडानं तोडलं. पाणी थंड होतं, त्याला कसलाही वास नव्हता, आणि वास नाही म्हणून सगळ्यांना ते गोड लागलं.

टाकीवाला वॉल्व सोडत राहिला. लोकांनी त्या पाण्यानं म्हशी धुतल्या, मोटारसायकली धुतल्या. एक पोरगा त्याच्या देखत नळाखाली चिखलाचा बूट धरून म्हणाला, "काका, बूट मरणार नाही ना?" सगळे हसले. टाकीवालाही हसला. घरी आल्यावर मात्र जेवणाचं ताट तसंच ठेवून उठला.

मग कमिटीचा अध्यक्ष आला. दारातच उभा राहिला.

"थोडे दिवस पावडर बंद ठेवा."

"नदीत मेलेली जनावरं वाहून येतायत. नुसतं पाणी कसं सोडू?"

"सोडा म्हणतोय ना मी. लोकांना जरा थंड होऊ द्या. खरं-खोटं मागाहून बघता येईल."

"तुम्ही घरी कुठलं पिता?"

अध्यक्ष छत्री झटकत म्हणाला, "आमच्याकडे बाटल्या येतात."

नर्सबाईंनी गिरणीच्या अंगणात लोकांना गोळा केलं. काचेच्या नळीत टाकीचं पाणी घेऊन त्यात थेंब टाकले, रंग दाखवला. हे औषध किती, कसं, का, सगळं सांगितलं. कोणीतरी विचारलं, "जास्त झालं तर?" बाई खरं बोलणारी. म्हणाली, "जास्त झालं तर कशानंही त्रास होतो, मिठानंसुद्धा. पण काका मोजून टाकतात." संध्याकाळी ग्रुपवर नर्सबाई आल्या त्या एवढंच म्हणत, 'जास्त झालं तर त्रास होतो.' पुढचं मीठही कापलं होतं आणि काकाही. त्यानंतर बाई त्या विषयावर तोंड उघडेनात. टाकीवाल्याच्या बायकोला वाटेत भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "मी आता जे बोलेन त्याचं ते काय करतील सांगता येत नाही हो." आणि भराभरा चालू लागल्या.

घरात सुनेनं आपला हंडा वेगळा केला. स्वतः विहिरीवर जायची, दोन्ही हात कमरेला देऊन चढण चढायची, मागून शेजारीण हंडा आणायची. हंडा खोलीत, तिच्या उशापाशी. सासूनं त्यातलं पाणी उकळून द्यायला सुरुवात केली, तर सून पातेल्यात वाकून वास घ्यायची.

"धुराचा वास आहे, बाई. दुसरा नाही."

"मी कुठे काय म्हटलं?"

"नाक म्हणतंय तुझं."

एक दिवस सासूला राहवलं नाही. विहिरीवर तिनं आपल्या डोळ्यांनी बघितलं होतं, वरून गोठ्यांचं पाणी पाझरत कठड्याच्या आत उतरत होतं. अखेर अध्यक्षाच्या सांगण्यावरून टाकीतली पावडर बंद झाली होती, पण घरच्या माठात त्याआधीचं पाणी होतं. आता निम्मा वास उडाला असेल, असा हिशेब करून सून अंघोळीला गेल्यावर तिनं हंडा ओतला आणि माठातलं भरून ठेवलं.

सुनेनं एक घोट घेतला आणि तो तोंडातच धरला. सासूकडे बघत राहिली. मग उठून मोरीत थुंकली. मग पुन्हा पुन्हा चुळा भरत राहिली, जणू तोंडातून काहीतरी निघतच नव्हतं.

"तुम्ही मला फसवून पाजलंत?"

"अगं, तुझ्याच..."

"माझ्या बाळाला फसवून पाजलंत, आई."

त्यानंतर तिनं या घरातलं पाणीच सोडलं. उकळलेलंही. विहिरीवर जाऊन, रहाटापाशी ओंजळ धरून, चारचौघींसमोर प्यायची आणि बाटली भरून खोलीची कडी लावून घ्यायची. सासू दाराबाहेर बसून तांदूळ निवडायची. आतून बाटलीचं झाकण उघडल्याचा आवाज आला की ती खड्याऐवजी तांदूळच वेचून टाकायची.

खालच्या आळीत जुलाब सुरू झाले. आधी एक म्हातारी, मग तिची नातवंडं, मग घरोघर. कोणी घाबरलं नाही, हेच भयंकर होतं. "विष निघतंय," लोक एकमेकांना सांगत. "आमच्याकडं फार साठलं होतं बघ." कोण किती वेळा परसाकडे गेलं ते अभिमानानं सांगितलं जायचं. म्हातारीचे डोळे खोल गेले, कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहायची, आणि तिचा मुलगा म्हणाला, "आता आतून साफ झाली."

टाकीवाला ते ऐकून घरी आला आणि उंबऱ्यावर बसला.

"लोक टाकीवर येत नाहीत," तो म्हणाला. "मग पावडरच विहिरीवर गेली तर?"

बायकोनं त्याच्याकडे बघितलं. "सांगून?"

"सांगून टाकू देतील?"

"न सांगता टाकलीत, तर त्या फोनमधल्या बाईत आणि तुमच्यात... मी एक हंडा बदलला तर घर फुटलं. तुम्ही अख्खी विहीर बदलायला निघालात."

"मग काय करू? तूच सांग. तू सांगशील ते करतो."

खोलीतून सुनेचं कण्हणं आलं. तिलाही सकाळपासून मुरडा येऊन पोट ढिलं झालं होतं. सासू उठली आणि बादली घासून दिली.

पाऊस धो धो कोसळत असला की दुपारी सगळे दारं लावून बसत. तेव्हा तो डोक्यावर पोतं घेऊन जायचा. ती चार कपडे घेऊन वरच्या दगडावर धुणं आपटत बसायची, त्या पावसात, आणि दोन्ही बाजूंनी रस्ता बघायची. तो निवळ पाणी विहिरीत सोडायचा, पोहऱ्यानं वरखाली करून मिसळायचा. वास येऊ नये इतपतच टाकायचा, म्हणून पुन्हा पुन्हा जावं लागायचं. गुडघा सुजून लोट्याएवढा झाला.

आणि जुलाब ओसरायला लागले. म्हातारी उठून बसली. सुनेच्या तोंडावर रंग आला, ती एक दिवस सासूला म्हणालीसुद्धा, "आई, बाळ आज फार लाथा मारतंय." सासूनं हात पुढे केला. सुनेनं तो पोटावर ठेवू दिला. आतून एक टाच का कोपर असं काहीतरी सरकलं, आणि सासूला तिथेच रडू फुटलं.

गिरणीवाल्यानं ग्रुपवर लिहिलं, 'विष संपलं. सगळे बरे झाले. विहिरीचा विजय असो.'

टाकीवाल्याला ते सुनेनंच वाचून दाखवलं. तो मान डोलवत म्हणाला, "वा." मग मागच्या अंगणात जाऊन एकटाच हसत बसला. बायको गेली तर त्याचे डोळे पुसल्यासारखे होते.

"आता तरी सांगून टाकू या," ती म्हणाली. "बघा म्हणावं, कशानं बरे झालात."

"बाळंतपण होऊ दे. तिचं एकदा पार पडू दे, मग चावडीवर उभा राहून सांगतो. आज सांगितलं तर उद्या विहिरीवर पहारा बसेल."

बरोबरच होतं त्याचं. चूक एवढीच, की पाऊस त्याच्याशी बोलून पडत नव्हता.

त्या दुपारी तो पोहरा फिरवत असताना पाऊस एकदम थांबला. कोणीतरी नळ बंद करावा तसा. ऊन पडलं. ती वरच्या दगडावरून "अहो!" म्हणेपर्यंत खालच्या वाटेनं बायका हंडे घेऊन आल्या होत्या. त्यांना विहिरीच्या कठड्यावर बादली दिसली, बादलीच्या तळाशी पांढरा चुना दिसला, आणि पोतं पांघरलेला टाकीवाला दिसला.

एकीनं हंडा टाकला. त्या आवाजानं सगळा गाव आला.

मारणाऱ्यांत तोच बूटवाला पोरगा पुढे होता. पण सगळ्यात आधी हात टाकला तो म्हातारीच्या मुलानं. टाकीवाला चिखलात बसकण मारून पडला, गुडघा धरून. त्याची बायको त्याच्या अंगावर आडवी झाली. चहूबाजूंनी फोन वर झाले होते.

"अहो, यानंच बरे झालात तुम्ही!" ती ओरडत होती. "म्हातारी यानंच उठली!"

"चोरून का टाकत होता मग?" गिरणीवाला म्हणाला. तो मारत नव्हता. "सांगा ना काकू. चांगलं असेल तर चोरून का?"



टाकीवाला म्हणाला, "विहिरीतलं पाणी काढा. माझ्यासमोर पोहरा भरा. मी पितो."

"विहिरीतलं कशाला?" मागून कोणीतरी म्हणालं. "बादलीतलं पी की."

"हो, बादलीतलंच पी!"

बादलीत चुन्यावर दोन बोटं जहाल पाणी उरलं होतं. ते घशाखाली गेलं तर घसा जळतो, हे त्या गर्दीत फक्त दोघांना माहीत होतं. टाकीवाल्यानं गर्दीकडे बघितलं. मागे, शेजारणीच्या खांद्याचा आधार घेऊन, सून येऊन उभी होती. तिनं तोंडावर हात धरला होता.

तिच्याकडे बघत त्यानं बादली उचलली.

बायकोला एका क्षणात समजलं, की हा पिणार. सुनेनं आपल्यावर विश्वास ठेवावा म्हणून हा माणूस आता हे पिणार. तिनं लाथ मारली. बादली त्याच्या हातातून उडाली, चुना चिखलात पसरला.

मग एक बाई हळूच म्हणाली, "बघा. तिला माहीत होतं."

एवढंच रात्रीपर्यंत सगळीकडे गेलं. बादली उचलणारा टाकीवाला आणि लाथ मारणारी त्याची बायको. खाली लिहिलं होतं, 'विषारी टोळीचा पर्दाफाश.' टोळी म्हणजे गुडघेदुखीचा एक म्हातारा आणि त्याचं धुणं धुणारी म्हातारी. ते पुलाच्या कामावरही पोचलं. मुलाचा फोन आला. तो 'कसे आहात' म्हणाला नाही. "बाबा, तुम्ही खरंच टाकलंत का?" म्हणाला.

"टाकलं," टाकीवाला म्हणाला.

पलीकडून यंत्रांचा आवाज आला आणि फोन बंद झाला.

कमिटीनं चावी काढून घेतली. पोत्यांना गावाबाहेर खड्डा मिळाला. पोरांनी इंजिन लावून विहीर उपसली, घासली, आणि पुन्हा गोठ्यांचा पाझर तिच्यात भरू दिला. सून शेजारणीकडे राहायला गेली. जाताना सासऱ्यासमोर थांबली, मग पदर सावरून उंबरा ओलांडला.

या वेळी जुलाब आले ते घरं मोजत आले नाहीत. एकदम आले. म्हातारी गेली. तिला पोचवून आलेली माणसं ओट्यावरच आडवी झाली. तरीही ग्रुपवर तेच चाललं होतं: त्या पापी माणसानं टाकलेलं अजून निघतंय, भरपूर विहिरीचं पाणी प्या.

पहाटे शेजारीण धावत आली. "काकू, चला. तिचे जुलाब थांबेनात. आता तर ओळखसुद्धा देत नाहीये."

सून चटईवर पडली होती. ओठ पांढरे, पायांत गोळे, डोळे अर्धे उघडे. सासूनं पोटावर हात ठेवला. वाट बघितली. हात हलवून दुसरीकडे ठेवला. मग उठली आणि तशीच गिरणीकडे पळत सुटली, कारण गावात टेम्पो तेवढा एकच होता.

गिरणीवाला दार उघडून उभा राहिला. तिला वाटलं, आता हा बोलणार. तिनं त्याच्या पायांशी बसायची तयारी ठेवली होती. त्यानं एकदा तिच्याकडे, एकदा तिच्या अनवाणी पायांकडे बघितलं आणि किल्ली घ्यायला आत गेला.

टेम्पोत पिठाच्या रिकाम्या पोत्यांवर सुनेला ठेवलं. टाकीवाला तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला. ती शुद्धीत असती तर बसू दिलं असतं का, कोण जाणे. सासू पुढे, गिरणीवाल्याशेजारी. खड्ड्यांचा रस्ता होता.

"याच रस्त्यानं आमच्या सुनेला नेलं होतं," गिरणीवाला एकदम म्हणाला. नजर रस्त्यावरच. "दळणाची गर्दी होती. म्हटलं, सकाळी नेऊ."

सासूनं त्याच्याकडे बघितलं. त्याच्या भुवयांना पीठ लागलेलं होतं.

"सकाळी कशाला म्हटलं मी?" त्यानं विचारलं. ते तिला नव्हतं.

सून वाचली. बाळ पोटातच गेलं होतं. मुलगी होती. दवाखान्यातल्या बाईनं ती कापडात गुंडाळून आजीच्या हातात दिली तेव्हा तिचं वजन हाताला लागलंच नाही, नुसतं कापड लागलं. टाकीवाल्यानं दोन्ही हात पुढे केले आणि मग हातांच्या भेगांकडे बघून मागे घेतले. "धरा," बायको म्हणाली. "तुमचीच आहे." तेव्हा धरली.

सून घरी आली ती आपल्याच घरी. शेजारीण न्यायला आली होती, पण ती सासूच्या मागोमाग आत शिरली आणि खोलीत जाऊन पडली. छाती बांधलेली होती, तरी दुधानं कपडा ओला व्हायचा. सासू तो बदलायची. दोघी एकमेकींकडे बघायच्या नाहीत.

मग भेटायला बायका आल्या. सगळ्यात पुढे गिरणीवाल्याची बायको, तिच्यामागे तिची सून, आणि वरच्या-खालच्या आळीतल्या चारपाच जणी. खोली भरली. टाकीवाला बाहेर ओट्यावर भिंतीकडे तोंड करून बसला. आतलं सगळं त्याला ऐकू जात होतं, आणि हे आतल्या सगळ्यांना माहीत होतं.

"तुझी काही चूक नाही गं बाळा," गिरणीवाल्याची बायको सुनेच्या केसांवरून हात फिरवत म्हणाली. "तू बिचारी किती जपत होतीस. विहिरीशिवाय दुसरं प्यायली नाहीस. पण घरातच साप असला तर माणूस काय करणार?"

"चोरून घातलं मेल्यानं," दुसरी म्हणाली. "आधीचं भिनलेलं, त्यात हे."

"तू रड. मनात ठेवू नकोस."

त्या खरोखर मायेनं बोलत होत्या. एकीनं तर तिचे पाय दाबायला घेतले होते. सासू दाराशी उभी होती. तिला वाटलं, घे म्हणावं. घे पोरी हे, एवढं आयतं मिळतंय तर घे. आम्ही म्हातारी माणसं, आम्ही झेलू. तिनं खरंच तसं मनात म्हटलं.

सून भिंतीला धरून उठून बसली.

"बरं वाटतंय तुमचं ऐकून," ती म्हणाली. "रोज कोणी येऊन असंच सांगितलं तर मी जगेन." ती थांबली. "पण तसं नाहीये ना."

"काय नाहीये?"

"मी विहिरीचं प्यायले. आई उकळून देत होत्या, ते मोरीत ओतलं मी. बाबा चोरून पावडर टाकत होते तेवढेच दिवस मला बरं होतं. तुम्हालाही होतं. तुमची म्हातारी तेव्हाच उठून बसली होती की नाही?" तिनं पाय दाबणारीला विचारलं. ती म्हातारीचीच सून होती. तिचे हात थांबले. "पावडरनं नाही गेली माझी मुलगी. मी प्यायलेल्या पाण्यानं गेली. मला कोणी पाजलं नाही, मी ओंजळ धरून प्यायले."

"दुःखात माणूस काहीही बोलतं," गिरणीवाल्याची बायको घाईनं म्हणाली. "चला, तिला पडू द्या."

"मला ताप होता," मागून आवाज आला. गिरणीवाल्याची सून. ती लग्न होऊन आल्यापासून चारचौघींत बोललेली कोणाला आठवत नव्हतं. ती जमिनीकडे बघत बोलत होती. "तेव्हा टाकीच्या पाण्याला वाससुद्धा नव्हता. मला ताप होता आणि मी सांगत होते. ऐकलं नाही कोणी. मग तो व्हिडिओ आला तेव्हा घरात सगळ्यांना किती बरं वाटलं. मलापण वाटलं."

तिच्या सासूनं तिचा दंड धरला. धरला आणि तसाच धरून ठेवला, ओढला नाही.

बायका उठल्या. चपला शोधताना कोणी कोणाकडे बघत नव्हतं. ओट्यावरून जाताना एकजण टाकीवाल्यापाशी घुटमळली, पण तो भिंतीकडे तोंड करून होता, ती निघून गेली. आता यांतल्या किती जणी घरी जाऊन हे सांगतील आणि किती जणी 'पोरीला भ्रम झालाय' म्हणतील, हे सासूला समजत नव्हतं. बहुतेक भ्रमच म्हणतील.

एकटी म्हातारीची सून उठली नाही. तिच्या खांद्यावर तिची धाकटी झोपली होती, इतका वेळ सगळ्यांना वाटलं झोपली आहे. पोरीची मान सैल होती. ओठांवर पापुद्रे आले होते.

"हिनं कालपासून लघवी केली नाही," ती म्हणाली. कोणाला विचारावं ते न समजून तिनं खोलीभर बघितलं. "विष निघतंय म्हणून मी... मी तेच पाजत होते. काय करू आता?"

सासू पुढे झाली, तोवर सूनच उठली. एक हात भिंतीला, एक ओटीपोटाला. तिनं उभं राहू नये असं दवाखान्यात बजावलं होतं.

"आई, पाणी उकळायला ठेवा. चांगलं खळखळू द्या. मला दवाखान्यात साखर-मिठाचं देत होते, तसं करा." मग बाहेरच्या दिशेनं, जरा मोठ्यानं, "बाबा, नर्सबाईंना बोलवा. आणि टेम्पो थांबवून ठेवायला सांगा. सकाळपर्यंत थांबायचं नाही."

ओट्यावर गुडघा करकरल्याचा आवाज आला.

तिनं हात पुढे केले. पोरीच्या आईनं जरा मागेपुढे केलं, मग पोर दिली. सुनेनं तिला मांडीवर घेतलं, कपडा पुन्हा ओला झाला होता तिकडे लक्ष दिलं नाही. सासूनं निववून आणलेल्या वाटीतला चमचा पोरीच्या ओठांना लावला. पोरीनं तोंड फिरवलं, पाणी हनुवटीवरून ओघळून गळ्यात गेलं.

"असू दे," सून म्हणाली, आणि दुसरा चमचा भरला.